अरिताला भांडी घ्यायला जाताय? क्रम चुकला की भांडी फुटतात

आमच्या टोकियोतल्या निशी-कासाईतल्या ओळखीच्या लोकांपैकी दर गोल्डन वीकला (एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीची जपानी सुट्टी) कोणी ना कोणी अरिताला जातं आणि परत आलं की मला फोन येतो. "अगं वाडगे फार सुंदर होते गं, पण घरी येईपर्यंत दोन फुटले." किंवा "प्लेट आणली पण कपाटाचं दार लागत नाहीये." किंवा मग सगळ्यात कॉमन, "सहाचा सेट मिळालाच नाही, पाचच देतात, आता काय करू." आता भारतातूनही मे महिन्याच्या सुट्टीत जपानला येणारे वाढलेत आणि त्यांचेही हेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. इतिहास सांगत बसणार नाही, तो कुठेही मिळेल. घोळ होतो तो क्रमाचा, लोक आधी घेतात आणि मग विचार करतात.

अरिता म्हणजे क्युशू बेटावर सागा प्रिफेक्चरमधलं वीस हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव, पोर्सिलेनसाठी प्रसिद्ध. आपण सगळ्यालाच चिनीमाती म्हणतो पण इथलं भांडं मातीचं नसतं, दगड कुटून त्याची पूड करून बनवलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे तपासताना आणि घरी वापरताना याचा उपयोग आहे.

१. घरी बसून करायचं काम (हे कोणीच करत नाही)

तिकीट काढायच्या आधी टेप घेऊन स्वयंपाकघरात जा. कपाटाच्या फळीची खोली, दोन फळ्यांमधली उंची, मायक्रोवेव्हच्या आतल्या काचेच्या ताटलीचा व्यास आणि तुम्ही रोज वापरता त्या वाटीचं तोंड किती सेंटिमीटर, एवढं मोजून फोनमध्ये लिहून ठेवा.

कारण अरितात प्लेटचं माप बऱ्याचदा 'सुन'मध्ये सांगतात. १ सुन म्हणजे साधारण ३ सेंमी. म्हणजे ३ सुनची बशी ९ सेंमी, ५ सुनची १५, ७ सुनची २१, ८ सुनची २४ आणि १० सुन झाले की १ शाकु, साधारण ३० सेंमी. आता जपानी जेवणात प्रत्येक पदार्थाला वेगळी छोटी बशी असते त्यामुळे ५-६ सुनच्या बशा ढिगाने दिसतात, दिसायला एकदम गोड, आणि घरी आणल्यावर कळतं की त्यात एक पोळी पण मावत नाही. पोळी-भाजी-कोशिंबीर एका प्लेटमध्ये वाढायची असेल तर ८ सुनच्या खाली जाऊ नका, ७ सुनमध्ये पोळी काठाबाहेर लोंबते, मी करून बसलेय.

मी आता सरळ वर्तमानपत्राचे गोल कापून नेते. १५, २१, २४ सेंमीचे तीन गोल, घडी घालून पर्समध्ये. दुकानात प्लेटवर ठेवून बघायचं. लोक हसतात, हसू देत.

आपल्या जेवणाला खरंच उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे मामेझारा आणि सोबाचोको. मामेझारा ही तळहातात मावणारी इवलीशी बशी, लोणचं, चटणी, मीठ-लिंबू यासाठी जणू बनवलीये. सोबाचोको हा सरळ उभ्या भिंतीचा बिनकानाचा कप, मूळ सोबा नूडल्स बुडवायच्या सॉससाठी, पण आमच्याकडे त्यात चहा, साधं वरण, श्रीखंड सगळं जातं. वजनाला हलके आणि पॅकिंगला सोपे, पहिल्यांदा जाणाऱ्याने यांच्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पाच-सहाचा घोळ. जपानमध्ये सेट बहुतेक पाचचा असतो. चारला 'शी' म्हणतात आणि मरणालाही 'शी', त्यामुळे चार टाळतात. आपल्याला सहा लागतात. त्यासाठी सेटच्या पेटीकडे न जाता सुटे पीस विकायला ठेवलेत का ते बघायचं, त्याला 'बारा-उरी' म्हणतात. माझ्या जावेने 'बारा' ऐकून बाराचा सेट समजून नको नको म्हणून मान हलवली होती आणि दुकानातल्या आजींना कळेना हिला नेमकं काय नकोय.

> चेक: निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा, कोणती वस्तू, किती नग, कमाल व्यास किती. यादीत दहा ओळींच्या वर गेलात तर बॅगेचं वजन आत्ताच मोजायला घ्या.

२. तारीख ठरवणं: जत्रा हवी की शांतता

अरिताची मोठी भांड्यांची जत्रा, 'तोकी-इची', दर वर्षी २९ एप्रिल ते ५ मे असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साधारण ४ किलोमीटर दुकानं आणि स्टॉल, आणि आठवड्याभरात लाखोंनी माणसं. पंढरीच्या वारीची सवय असेल तर गर्दीचं काही वाटणार नाही पण हातात काचेसारखी वस्तू घेऊन गर्दीत चालणं ही वेगळी गोष्ट आहे.

जत्रेत सेकंड्सचा, म्हणजे किरकोळ दोष असलेला, माल भरपूर आणि स्वस्त मिळतो. पहिल्या दिवशी सकाळी चांगले पीस असतात, शेवटच्या दोन दिवसांत भाव उतरतात पण जोड्या फुटलेल्या असतात, म्हणजे एकसारखे सहा मिळणं कठीण. तुम्हाला सेट करायचा असेल तर सुरुवातीचे दिवस, सुटे-सुटे मजेशीर पीस हवे असतील तर शेवटचे. नोव्हेंबरमध्येही एक छोटा उत्सव असतो, गर्दी बरीच कमी आणि हवा छान.

लहान मुलं किंवा वयस्कर सासू-सासरे बरोबर असतील तर माझं ऐका, जत्रा सोडा आणि साध्या दिवशी जा. स्टेशनपासून २ किलोमीटरवर 'अरिता सेरा' म्हणून भांड्यांच्या दुकानांची एक वसाहतच आहे, पार्किंग आहे, बसायला जागा आहे, एका ठिकाणी दोन तासात खूप काही बघून होतं.

सावधान: जत्रेच्या दिवसांत अरितात राहायला मिळेल ही आशा धरू नका, गाव छोटं आहे. जवळच्या ताकेओ ओनसेन, सासेबो या गावांत किंवा सरळ फुकुओकात रूम घ्या आणि तीही काही महिने आधी.

३. पोचायचं कसं आणि उतरायचं कुठे

टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) हाकाता, म्हणजे फुकुओकाचं मुख्य स्टेशन, साधारण ५ तास, शिन-ओसाकाहून अडीच. हाकाताहून 'मिदोरी' नावाची लिमिटेड एक्स्प्रेस थेट अरिताला जाते, साधारण सव्वा-दीड तास. जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) असेल तर चालतो, क्युशूचा नॉर्दर्न पास असेल तर तोही.

इथे दोन चुका होतात. पहिली, लोक 'इमारी पोर्सिलेन' वाचून आलेले असतात आणि सरळ इमारी स्टेशनचं तिकीट काढतात. अरिताची भांडी पूर्वी इमारी बंदरातून जहाजाने जायची म्हणून जगात ते नाव पडलं, पण इमारी हे वेगळं शहर आहे, अरिताहून मात्सुउरा रेल्वेच्या छोट्या गाडीने साधारण २५ मिनिटांवर. तिथून जवळ ओकावाचियामा म्हणून भट्ट्यांचं सुंदर गाव आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर दोन्हीकडे फक्त पळणं होतं.

दुसरी चूक म्हणजे उतरायचं स्टेशन. अरिताच्या एक स्टेशन अलीकडे 'कामी-अरिता' आहे, कामी म्हणजे वरचं. जुनी गल्ली, जुनी दुकानं कामी-अरिता ते अरिता या पट्ट्यात आहेत आणि रस्ता कामी-अरिताकडून उताराचा आहे. सकाळी रिकाम्या हाताने वर उतरायचं आणि खरेदी वाढत जाईल तसं खाली अरिता स्टेशनकडे यायचं, म्हणजे ओझं घेऊन चढ चढावा लागत नाही. साध्या दिवशी एक्स्प्रेस कामी-अरिताला थांबत नाही, लोकल पकडावी लागते आणि लोकल फार नसतात, म्हणून आदल्या रात्री टाइमटेबल बघून ठेवा. परतीचंही.

मोठी सूटकेस हाकाताला लॉकरमध्ये किंवा हॉटेलवर ठेवून या. अरिता स्टेशनवरच्या लॉकरच्या भरवशावर जत्रेत येऊ नका, ते सकाळीच भरतात.

> चेक: पाठीवर सॅक, एक मजबूत चाकांची छोटी ट्रॉली, दोन जुने टॉवेल, टेप, कागदाचे गोल, हातात पाण्याची बाटली. जपानी बायका सुती हातमोजेही आणतात, ढिगातून भांडी उपसायला बरे पडतात.

४. आधी डोळा तयार करा

अरिता स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर टेकाडावर क्युशू सिरॅमिक म्युझियम आहे, सोमवारी बंद. एक तास द्या. साध्या दिवशी आधी इथे या आणि मग लोकलने किंवा टॅक्सीने वर कामी-अरिताला जा. जत्रेच्या दिवशी मात्र सकाळ म्युझियममध्ये घालवू नका, जमलं तर आदल्या दुपारी बघून घ्या.

का जायचं? तर दुकानात गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळंच सुंदर दिसतं आणि डोळे चक्रावतात. इथे शांतपणे तीन-चार गोष्टी बघून घ्या. 'सोमेत्सुके' म्हणजे पांढऱ्यावर निळं काम, हा निळा रंग ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतो, बोट फिरवलं तर लागत नाही. 'इरोए' म्हणजे लाल-हिरवे-पिवळे रंग, ते ग्लेझच्या वर असतात आणि नंतर कमी तापमानाला, साधारण ८०० अंशाला, परत भाजून पक्के केलेले असतात. बोटाला हलकासा उंचवटा जाणवतो. सोनेरी काम त्याहून नाजूक. हा वर-खालचा फरक समजला की कोणतं भांडं रोज घासता येईल आणि कोणतं फक्त दिवाळीला काढायचं हे तुम्हाला लेबल न वाचता कळतं.

५. पहिली फेरी रिकाम्या हाताने

हे सगळ्यात अवघड आहे, मला स्वतःला अजून जमत नाही, पण करा. पहिला तासभर काहीही घेऊ नका. आवडलं की दुकानाच्या पाटीचा, वस्तूचा आणि किमतीचा फोटो, बस्स. कारण तोच पॅटर्न चार दुकानं पुढे वेगळ्या भावाला असतो आणि तोपर्यंत तुमच्या सॅकमध्ये तीन किलो आलेले असतात.

अपवाद एकच, ढिगातला एकुलता एक पीस जो यादीत बसतो आणि खालची तपासणी पास होतो. तो ठेवून पुढे गेलात तर परत येईपर्यंत गेलेला असतो.

किमतीच्या पाटीवरचे काही शब्द कानाला माहीत असू द्या. 'तेगाकी' म्हणजे हाताने रंगवलेलं, 'तेन्शा' म्हणजे छापील डिझाइन चिकटवून भाजलेलं. 'वाकेआरी' किंवा 'बी-क्यू' म्हणजे काहीतरी दोष असलेलं. 'झेइकोमी' म्हणजे टॅक्स धरून, 'झेइबेत्सु' म्हणजे टॅक्स वेगळा, तो १० टक्के. ही शेवटची दोन न वाचल्याने काउंटरवर हिशोब चुकतो आणि मग उगाच वाटतं दुकानदाराने फसवलं.

तेन्शा वाईट नसतं बरं का. रोजच्या वापराला तेच बरं, सहाही पीस एकसारखे येतात. फक्त तेगाकीच्या भावात तेन्शा घेऊ नका. ओळखायचं कसं? काठावरची नक्षी जिथे संपून सुरू होते तिथे जोड शोधा, छापील असेल तर डिझाइन तिथे कापल्यासारखं किंवा एकावर एक चढलेलं दिसतं. हाताने भरलेल्या निळ्यात रंग कुठे गडद साठलेला, कुठे फिका असतो, आणि दोन बशा शेजारी ठेवल्या की तंतोतंत जुळत नाहीत. सरळ विचारलं तरी चालतं: "तेगाकी देसु का, तेन्शा देसु का?" आजवर मला कोणी खोटं सांगितल्यासारखं वाटलं नाही.

आणि जत्रेतलं प्रत्येक भांडं अरिताचंच असेल असंही नाही, शेजारच्या हासामीचा मालही तिथे येतो. हासामी पण छान असतं, साधं आणि आजकालच्या घराला शोभणारं, पण 'अरिताचं' म्हणून कोणाला भेट द्यायची असेल तर विचारून घ्या.

६. तपासणी: प्रत्येक नगाला एक मिनिट

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

हात लावण्याआधी अंगठी, बांगड्या, मोठं घड्याळ काढून खिशात टाका. सॅक पाठीवरून पोटावर घ्या, वळताना मागची बॅग शेल्फला लागते आणि मग काय होतं ते सांगायला नको. "सावात्ते मो इई देसु का" म्हणजे हात लावू का, हे विचारलं की दुकानदाराचा चेहराच बदलतो. भांडं टेबलाच्या वरच, दोन्ही हातांनी धरा, कानाला किंवा झाकणाच्या मुठीला धरून उचलू नका.

आता क्रम असा. पहिल्यांदा नुसतं बघा, तिरपं धरून उजेडात फिरवा. मग बोटाचं टोक काठावरून पूर्ण गोल फिरवा, टवका डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. मग सपाट टेबलावर ठेवून काठावर हलकं दाबा, डुगडुगतंय का. मग उलटं करा, खालची रिंग, जिला 'कोदाई' म्हणतात, ती बघा, तिथून चीर वर जातेय का. शेवटी आवाज.

आवाजाची पद्धत आपल्याला नवीन नाहीये. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तसंच. भांडं डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर ठेवा, मुठीत आवळू नका, आणि काठावर नखाने टिचकी मारा. धड पोर्सिलेन 'टण्ण' असं लांब वाजतं. चीर असेल तर 'ठप्प' आवाज येऊन मरतो. दोन भांडी एकमेकांवर आपटून वाजवू नका, हे करणारे लोक मी पाहिलेत आणि दुकानदाराचा चेहराही पाहिलाय.

शंका असेल तर फोनचा टॉर्च आतून लावा. पातळ पोर्सिलेनमधून उजेड आरपार झिरपतो आणि केसासारखी चीर असेल तर रेघ उमटते. जाड भांड्यात हे जमत नाही, तिथे आवाजावरच जा.

सेकंड्समध्ये काय चालवून घ्यायचं? बारीक काळा किंवा तपकिरी ठिपका, तो दगडातल्या लोखंडाचा असतो, काही बिघडत नाही. टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, निळा रंग जरा पसरलेला, किंचित वाकडेपणा. पोर्सिलेन साधारण १३०० अंशाला भाजतात आणि तेवढ्यात ते चांगलं दहा-पंधरा टक्के आकसतं, म्हणजे थोडं वाकडं होणं स्वाभाविकच आहे. माझ्या घरातले सगळ्यात लाडके दोन सोबाचोको ठिपकेवालेच आहेत.

काय चालवून घ्यायचं नाही? केसाएवढी चीर, कुठेही असो. काठाचा टवका. कपाच्या कानाच्या जोडाला भेग. आणि ग्लेझवर जाळीसारख्या बारीक रेषा, मातीच्या भांड्यात ती मुद्दाम आणलेली शोभा असते पण रोजच्या पोर्सिलेनमध्ये मला ती नको, हळदीचा पिवळा रंग तिथे जाऊन बसतो.

सेट घेत असाल तर सगळे नग एकात एक रचून बघा आणि शेजारी ओळीत लावूनही बघा. उंची वेगळी असेल तर आत्ताच दिसेल. झाकण असेल तर झाकण गोल फिरवून बघा, एका जागी बसतं आणि दुसरीकडे डुलतं असं नको.

सावधान: जुन्या वस्तूंच्या दुकानातली रंगीत इरोए भांडी शोभेला घ्या. जुन्या वरच्या रंगांत शिसं असू शकतं, त्यात लोणचं, चिंच-गुळाची आमटी, लिंबाचं काहीही ठेवू नका. आजच्या नव्या खाण्याच्या भांड्यांना जपानचे अन्नसुरक्षेचे नियम लागू आहेत, त्यांची ही काळजी नाही.

७. भाव, पैसे, टॅक्स

जत्रेतल्या स्टॉलवर रोख लागते, सुट्टी नाणी आणि १००० येनच्या नोटा जवळ ठेवा. मोठ्या दुकानात कार्ड चालतं.

घासाघीस? साध्या दिवशी दुकानात नाही, शोभत नाही. जत्रेत स्टॉलवर चार-पाच नग एकदम घेत असाल तर हसत "मोऽ सुकोशी यासुकु नारिमासु का" असं एकदाच विचारायचं. एकदाच! आपल्याकडे तुळशीबागेत करतो तसं उठून चालायला लागायचं नाटक इथे चालत नाही, ते खरंच जाऊ देतात.

टॅक्स-फ्रीचं: परवाना असलेल्या दुकानात पर्यटकाला टॅक्स न धरता ५००० येन किंवा जास्त खरेदीवर टॅक्सची सूट मिळते, पासपोर्ट जवळ हवा, फोटो नाही, खरा. स्टॉलवर बहुतेक मिळत नाही. आणि १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलतेय, आधी टॅक्ससकट पैसे भरायचे आणि देश सोडताना विमानतळावर कस्टम्सने तपासल्यावर रिफंड. म्हणजे त्या तारखेनंतर जाणाऱ्यांनी टॅक्स-फ्रीची भांडी सूटकेसच्या तळाशी सेलोटेपने गुंडाळून गाडू नयेत, दाखवायला लागली तर विमानतळावर सगळं पॅकिंग उस्कटावं लागेल. आम्ही जपानात राहणारे, आम्हाला यातलं काहीच नाही, टॅक्स भरा आणि गप्प बसा.

भारतात नेणाऱ्यांनी बिलं सांभाळा, घरी पोचेपर्यंत. कस्टम्समध्ये तुमच्या एकूण मर्यादेत हे सगळं मोजलं जातं.

एक आडवळण. कोराकु नावाच्या भट्टीत 'ट्रेझर हंट' असतो, आधी बुकिंग करायचं, ठरलेले पैसे भरायचे, एक बास्केट आणि दीड तास मिळतो आणि गोदामातल्या धुळकट ढिगातून जे बास्केटमध्ये मावेल ते तुमचं. मजा आहेच, पण लोक फुकटात मिळाल्यासारखं भरतात आणि मग ती बास्केट उचलवत नाही. सूटकेसमध्ये जागा किती हे डोक्यात ठेवूनच आत जा, तपासणी तिथेही तीच.

खाण्याचं पण इथेच सांगते. 'गोदोफु' म्हणून सोयादुधाचं लुसलुशीत टोफूसारखं काही मिळतं, इथली खासियत, पण वरच्या सॉसमध्ये माशाचा अर्क असू शकतो. अरिता स्टेशनचा करी-राइस पोर्सिलेनच्या बोलमध्ये मिळतो आणि बोल घरी नेता येतो, त्यामुळे सगळे त्यावर उडी मारतात. बीफ आहे का ते विचारून मग घ्या.

८. पॅकिंग: दुकानदाराच्या वर्तमानपत्रावर विसंबू नका

स्टॉलवाले एका कागदात गुंडाळून देतात, ते हॉटेलपर्यंत पोचायला पुरेसं. विमानाला नाही. रात्री खोलीत बसून सगळं सोडा आणि परत बांधा, एक तास लागतो.

बबल रॅपला जपानीत 'पुचीपुची' म्हणतात (दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरून, आणि हो, सगळ्या जगातले लोक ते दाबतात), शंभर येनच्या दुकानात मिळतो. पहिल्यांदा प्रत्येक नगाला मऊ कागद, मग बबल रॅप, मग टेप. टेप थेट भांड्याला लावू नका, सोनेरी काम टेपबरोबर निघून येतं. कप आणि बोल आतून भरा, मोजे, रुमाल, चुरगाळलेला कागद. पोकळ भांडं बाहेरून कितीही गुंडाळलं तरी दाबाने फुटतं.

प्लेट उभ्या ठेवा. परत लिहिते, उभ्या. लोक प्लेट आडव्या एकावर एक रचतात आणि वरून वजन पडलं की सगळ्यात खालची जाते. बशा पुस्तकासारख्या काठावर उभ्या, मधे पुठ्ठा, आणि खाली जाडसर काहीतरी. जुनी सुती साडी किंवा पंचा याच्यासारखं पॅकिंग जगात नाही, माझी आई येताना मुद्दाम दोन घेऊन येते.

सूटकेसच्या सगळ्या बाजूंना चार बोटं कपड्यांची गादी, मग मधे भांडी, जड वस्तू चाकांच्या बाजूला. बंद करून हलवा. खुळखुळ असा जराही आवाज आला तर उघडा आणि रिकाम्या जागा भरा. आवाज येतोय म्हणजे आत काहीतरी सरकतंय, आणि सरकणारंच फुटतं.

महागाचं हातात न्या. बऱ्याच एअरलाइन्समध्ये केबिनला ७ किलोच चालतात, म्हणून दोन-तीन पीसच. सीटखाली ठेवा, वरच्या कप्प्यात नको, तिथे दुसरा कोणी आपली बॅग कोंबतो.

टोकियोत राहणाऱ्यांनी किंवा जाता-जाता टोकियोहून उडणाऱ्यांनी कुरिअरने खोकं पाठवलं तर पाठ वाचते. काउंटरवर "वारेमोनो" म्हणजे फुटणारी वस्तू एवढं सांगा, स्टिकर लावून देतात. पण क्युशूहून टोकियोला दोन दिवस लागतात असं धरा आणि पॅकिंग स्टिकरच्या भरवशावर ढिलं ठेवू नका. माझं एक खोकं असंच आलं होतं, स्टिकर जागच्या जागी आणि आत किटलीची चोच वेगळी. चूक माझी, चोचीभोवती काही गुंडाळलंच नव्हतं.

> चेक: खोकं किंवा बॅग गुडघ्याच्या उंचीवरून गादीवर टाकायची हिंमत होतेय का? होत नसेल तर पॅकिंग झालेलं नाही.

९. घरी आल्यावरच्या चुका

इंटरनेटवर वाचून लोक नवीन भांडी तांदळाच्या पाण्यात उकळतात. ते सच्छिद्र मातीच्या भांड्यांसाठी असतं, पोर्सिलेनला गरज नाही, कोमट पाण्याने धुतलं की वापरा. फक्त उलटं करून खालची रिंग बघा, तिला ग्लेझ नसतं आणि कधी खरखरीत असते, टेबलावर किंवा खालच्या प्लेटवर ओरखडे पडतात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा. हळदीचा डाग पडला तर याच रिंगवर पडतो, बेकिंग सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं.

सोनेरी किंवा चंदेरी काम असलेलं काहीही मायक्रोवेव्हमध्ये नको, ठिणग्या उडतात. फ्रिजमधून काढलेल्या बोलमध्ये कडकडीत फोडणी ओतू नका, गॅसवर तर ठेवूच नका. कपाटात रचताना दोन प्लेटांमध्ये कागदी नॅपकिन घाला.

आणि भारतात भांडी घासायला मावशी येत असतील तर इरोएची भांडी सिंकमध्ये ठेवूच नका, जेवण झालं की स्वतः स्पंजने धुवून उचलून ठेवा. तारेच्या घासणीने वरचे रंग आधी धूसर होतात, मग जातात, आणि त्यांना बोलण्यात काही अर्थ नाही, कुकर आणि कढई त्याच घासणीने लख्ख करायला आपणच शिकवलेलं असतं.